अडीच फूट पाणी

कुर्टीच्या या फ्लॅटचं स्वयंपाकघर
नऊ बाय अकरा. ओटा दोन भिंतींना, काटकोनात.
यतीनने मोबाइलवर फोटो दाखवला:
मधोमध पांढरा दगड, त्यावर लिंबांची परडी,
दोन उंच स्टुलं, आणि माणूस एकही नाही.
म्हणाला, आपणही एक आयलंड करूया.

मला हसू आलं.
मी चोडणची. बेटावर जन्मले,
फेरीबोटीच्या लोखंडी फळीवरून सायकल ढकलत
कॉलेजला गेले.
बेट म्हणजे काय ते मला कॅटलॉगने सांगू नये.
आमच्याकडे आधी पाणी, बेट नंतर.
शेवटची बोट चुकली की बाबा
रायबंदरच्या धक्क्यावर बसून राहायचे
आणि आई ताटावर ताट पालथं घालून झोपायची.

तरी मोजायला काय जातं.
आग्नेल मेस्त आला, कानामागे पेन्सिल.
गुडघा टेकून त्याने फरशीवर खडूने चौकोन आखला,
चार फूट बाय दोन,
आणि टेप चारी बाजूंना सरकन सोडली.
अडीच. अडीच. अडीच. फ्रिजकडे सव्वादोन.
"जाता गे बाय," म्हणाला,
"पूण भोंवपाक सुवात उरची ना."
होईल, पण फिरायला जागा उरणार नाही.
दर सांगितलाच नाही. चहा प्यायला, म्हणाला,
आठ दिवस या रेषेच्या आत पाय घालू नका,
मग फोन करा.

पहिल्याच दिवशी स्वधाने आत उडी मारली,
म्हणाली, मी पोचले.
मंगळवारी फ्रिजचं दार उघडलं
आणि यतीन पलीकडे अडकला, दूध उतू जाईपर्यंत.
बुधवारी आम्ही दोघं समोरासमोर,
माझ्या हातात कढई, त्याच्या हातात कुकर,
अरुंद पुलावरच्या दोन बसेस.
मागे कुणी जायचं यावरून बोलणं निघालं
आणि ते फार वेळ स्वयंपाकघराबद्दल राहिलं नाही.
(शेवटी मागे तोच गेला. नोंद असू दे.)

शुक्रवारी बांगडे आले.
मी सवयीने आदोळी काढली, नारळ फोडला,
बसायला गेले तर खाली
खडू.
अकरा वर्षं मी इथेच बसत आलेय,
याच चौकोनात, एक पाय मुडपून, एक पसरून.
खोबरं ताटलीत पडायचं, स्वधा पाढे म्हणायची,
सतराच्या पाढ्यात दर वेळी अडायची,
यतीन चौकटीला टेकून
बँकेतल्या कुणाची तरी बदली सांगायचा.
पाणी प्यायला जाणारा मला वळसा घालून जायचा,
घाईत असेल तर ओलांडून.
ही जागा मोकळी आहे असं
त्या फोटोपर्यंत मलाही वाटत होतं.

त्या दिवशी रेषेबाहेर बसून खवलं.
पाठ सिलिंडरला, कोपर कपाटाला.
हुमण चांगलंच झालं. त्याला काय कळतंय.

आग्नेलला फोन केला, नको म्हणून.
तो म्हणाला, खाली चाकं लावून देतो,
लागेल तेव्हा ओढा, नको तेव्हा गॅलरीत.
म्हटलं, मग ते बेट कसलं,
ती तर फेरीबोट झाली.
नाव काय ते तू ठेव, बाय,
चाकांचे पैसे वेगळे.

यतीनचा विचार अजून चालू आहे.
दगडाचा एक नमुना त्याने खिडकीत ठेवलाय,
मी त्यावर सोलां वाळवते.
खडू पुसला, दोनदा, साबण लावून.
तरी आज सकाळी चहाचा ट्रे घेऊन येताना
नसलेल्या कोपऱ्यापाशी तो वळला, नीट,
काही सांडू न देता,
आणि मी ओट्याला चिकटून
त्याला वाट दिली.